बंध वळतो, कांदा पोसतो

निफाड तालुक्यात गोदावरीच्या काठी असलेल्या सायखेड्याच्या बाजारात वर्षभरात तीन हंगामांचा कांदा येतो. पावसाळ्यात लावलेला लाल कांदा, त्याच्या पाठोपाठ रांगडा आणि डिसेंबर-जानेवारीत लागवड करून एप्रिल-मेमध्ये काढलेला, चाळीत महिनोन्महिने टिकणारा उन्हाळ कांदा. एका हंगामाचे उळे, म्हणजे कांद्याचे बी, दुसऱ्या हंगामात चालत नाही, हे इथल्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. एन-५३ खरिपाचा, एन-२-४-१ रब्बीचा. वाण आणि हंगाम यांची जोडी चुकली की पात माजते, माना जाड राहतात, डेंगळे (फुलांचे दांडे) निघतात किंवा जोडकांदा होतो. असे का होते, या प्रश्नाला बहुधा ‘हवामान’ एवढेच उत्तर मिळते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. कांद्याच्या पानात एक रेणू असतो. त्याच्यावर कोणत्या रंगाचा प्रकाश पडतो त्यानुसार तो आपला आकार बदलतो, आणि त्या आकारावरून रोपाला बाहेरच्या उजेडाची वार्ता कळते. माझे म्हणणे असे की, प्रकाश वनस्पतीला अन्न पुरवतो हे आपण शाळेत पक्के शिकतो, पण तो वनस्पतीला निरोपही देतो ही गोष्ट आपल्याकडून दुर्लक्षित राहते. हा निरोप वाचण्याची निसर्गाची रीत म्हणजे रेणूचा एक बंध वळवणे. ती रीत समजल्याशिवाय कांद्याचे वेळापत्रक नीट समजत नाही आणि त्या वेळापत्रकाला आज कोणता धोका आहे हेही कळत नाही.

आधी पुरावा पाहू. सायखेडा विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे २० अंशांवर आहे. तिथे वर्षातला सर्वांत लहान दिवस अकरा तासांना जेमतेम पाच मिनिटे कमी असतो, तर सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा. श्रीनगरला जूनमधला दिवस साडेचौदा तासांच्या जवळ जातो आणि हॉलंडमध्ये तो साडेसोळा तासांच्याही पुढे असतो. कांद्याचे जगभरचे वाण या फरकानुसारच विभागले गेले आहेत. आपल्याकडच्या वाणांना पोसायला साधारण अकरा-बारा तासांचा दिवस पुरतो, म्हणून शास्त्रज्ञ त्यांना लघुदिवसी म्हणतात. युरोपातल्या वाणांना आणि उत्तरेच्या डोंगराळ भागात घेतल्या जाणाऱ्या ब्राउन स्पॅनिशसारख्या वाणांना चौदा तास किंवा त्याहून मोठा दिवस लागतो. असा दीर्घदिवसी वाण नाशिक जिल्ह्यात लावला तर त्याला पाणी, खत, ऊन यांतले काहीही कमी पडत नाही. तरी तो पातच वाढवत राहतो आणि कांदा धरत नाही. उलट आपला वाण उत्तरेच्या लांब दिवसांत लावला तर रोप पुरते वाढण्याआधीच तो पोसायला लागतो आणि हाती गोल्टीच येते. म्हणजे प्रत्येक वाणाकडे दिवसाच्या लांबीचा एक उंबरठा आहे. लघुदिवसी हे नाव इथे थोडी दिशाभूल करते. आपल्या कांद्यालाही लहान दिवस हवा असतो असे नाही, त्याचा उंबरठा खाली आहे एवढेच. उन्हाळ कांद्याच्या बाबतीत दिवस फेब्रुवारीच्या मध्याला साडेअकरा तासांच्या आसपास येतो, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बारा तासांना पोहोचतो, आणि याच काळात पातीचे तळ फुगून कांदा भरू लागतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. दिवस मोठा म्हणजे ऊन जास्त, ऊन जास्त म्हणजे अन्न जास्त, आणि अन्न जास्त म्हणजे कांदा मोठा. मग निरोप, रेणू, आकार अशा गोष्टी मधे आणायच्याच कशाला? पण हे स्पष्टीकरण खरे असते तर दीर्घदिवसी वाण नाशिकच्या लख्ख उन्हात थोडा लहान पण कांदाच झाला असता, नुसत्या पातीवर अडला नसता. त्याहून निर्णायक पुरावा प्रयोगशाळेतून आला. १९२० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या वाइटमन गार्नर आणि हॅरी अलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून दाखवले की, फुलोरा कधी यावा हे दिवसाच्या लांबीवरून ठरते. १९५२ मध्ये त्याच खात्याच्या बेल्ट्सविल इथल्या केंद्रात हॅरी बॉर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्यूसच्या बियांवर प्रयोग केला. अंधारात भिजवलेल्या बियांवर काही मिनिटे लाल प्रकाश टाकला की त्या उगवत. लाल प्रकाशानंतर लगेच अतिलाल, म्हणजे आपल्या दृष्टीच्या अगदी काठावरचा गडद लाल प्रकाश टाकला की उगवण थांबे. पुन्हा लाल टाकला की ती पुन्हा सुरू होई. कितीही आलटून पालटून प्रकाश टाकला तरी निकाल शेवटच्या प्रकाशानेच ठरत होता. काही मिनिटांच्या मंद उजेडात बी कसले अन्न तयार करणार? शिवाय नंतरच्या प्रकाशाने आधीच्या प्रकाशाचा परिणाम पुसला जातो, असे अन्नाच्या बाबतीत कधी होत नाही. दोन स्थिती असलेला आणि दोन्हीकडे फिरवता येणारा खटकाच असे वागू शकतो. १९५९ मध्ये वॉरन बटलर आणि सहकाऱ्यांनी हा खटका वनस्पतीच्या पेशींतून प्रत्यक्ष हुडकून काढला. त्याचे नाव फायटोक्रोम.

हा खटका फिरतो म्हणजे नेमके काय होते, ते पाहण्यासाठी रसायनशास्त्रात थोडे खोल जावे लागते. दोन कार्बन अणूंमध्ये एकच बंध असला तर त्यांच्या दोन बाजू एकमेकांभोवती सहज फिरतात. दुहेरी बंध असला तर फिरत नाहीत. लाकडी पट्टी एका खिळ्यावर ठोकली तर ती गोल फिरते, दोन खिळ्यांवर ठोकली की जाम होते, तसेच हे. त्यामुळे दुहेरी बंध असलेल्या रेणूला दोन कायम रूपे मिळू शकतात. दोन्ही बाजूंचे मोठे गट बंधाच्या एकाच अंगाला असतील ते एक रूप, आणि विरुद्ध अंगांना असतील ते दुसरे. अणू तेच, त्यांची संख्या तीच, जोडणीचा क्रमही तोच, पण आकार वेगळा. नेहमीच्या तापमानात रेणूंना एकमेकांच्या ज्या धडका बसतात, त्यांची ऊर्जा हा बंध वळवायला फार तोकडी असते. लाल प्रकाशाच्या एका कणात मात्र त्या औष्णिक ऊर्जेच्या साधारण सत्तरपट ऊर्जा असते. शिवाय प्रकाश हे काम जोर लावून करत नाही. तो बंधातल्या एका इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर उचलतो, आणि तेवढ्या क्षणापुरती दुहेरी बंधातली दुसरी पकड सैल होते. त्या अत्यल्प वेळात रेणू पिळला जातो, इलेक्ट्रॉन खाली उतरतो, पकड पुन्हा घट्ट होते, आणि रेणू एक तर जुन्या आकारात परततो किंवा नव्या आकारात कायम होतो. दर वेळी यश येतेच असे नाही. फायटोक्रोममध्ये प्रकाशाचे सहा-सात कण शोषले जातात तेव्हा कुठे एकदा खटका पलटतो. सूर्यप्रकाशात कणांचा तोटा नसल्याने वनस्पतीचे त्यामुळे काही अडत नाही.

फायटोक्रोम हे एक मोठे प्रथिन आहे आणि त्याच्या पोटात चार कड्यांची एक उघडी साखळी बसवलेली असते. प्रकाश शोषते ती ही साखळी. लाल प्रकाश, म्हणजे साधारण ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश मिळाला की तिच्या शेवटच्या कडीजवळचा दुहेरी बंध वळतो आणि कडी उलटी होते. आकार बदलल्यावर हीच साखळी साधारण ७३० नॅनोमीटरचा अतिलाल प्रकाश शोषू लागते, आणि तो मिळाला की कडी मूळ जागी येते. लेट्यूसच्या बियांनी दाखवलेला खेळ तो हाच. ही साखळी कोणत्या घराण्यातली आहे हे पाहिले तर विषय कांद्याच्या शेतातून थेट बाळंतिणीच्या खोलीत येतो. वनस्पती ही साखळी हीम नावाच्या रेणूपासून बनवते. आपल्या शरीरात जुन्या रक्तपेशी मोडतात तेव्हा त्याच हीमपासून बिलिरुबिन तयार होते. तेही चार कड्यांची उघडी साखळीच. नवजात बाळाला कावीळ झाली की त्याला निळ्या दिव्याखाली ठेवतात, हे महाराष्ट्रातल्या असंख्य आईबापांनी पाहिलेले आहे. त्या प्रकाशातही हेच घडते. बिलिरुबिनमधला दुहेरी बंध वळतो, रेणूने स्वतःला आतून बांधून घेतलेले दुवे सुटतात, तो पाण्यात विरघळण्याजोगा होतो आणि बाळाचे अजून कच्चे असलेले यकृत त्याला सहज बाहेर टाकू शकते. आकार बदलल्याने रेणूची वागणूक किती बदलते याचा याहून विश्वासू साक्षीदार शोधायची गरज नाही.

दुसरा आक्षेप प्रमाणाचा आहे. एका मीटरचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोमीटर, आणि कडी उलटण्याची हालचाल त्याच्याही काही अंशाइतकीच. एवढ्याशा हालचालीने अख्खे रोप पात सोडून कांदा भरायला लागेल यावर विश्वास कसा ठेवायचा? उत्तर असे की, ही हालचाल एकटी राहत नाही, ती पायरीपायरीने वाढत जाते. कडी उलटली की तिला धरून बसलेल्या प्रथिनाच्या खाचेत ती पूर्वीसारखी बसत नाही. प्रथिनाचा जिभेसारखा एक भाग तिथून सुटतो आणि आपली घडीच बदलतो. डायनोकॉकस या जिवाणूतल्या फायटोक्रोमवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बदलांची ही मालिका स्पष्ट दिसली. आत अणूंइतक्या लहान अंतरावर झालेला बदल प्रथिनाच्या दुसऱ्या टोकाला कित्येक पटींनी मोठा झाला होता. वनस्पतीत असे बदललेले फायटोक्रोम पेशीच्या केंद्रकात शिरते, तिथे वाढीची जनुके चालू ठेवणाऱ्या प्रथिनांना गाठते आणि त्यांची विल्हेवाट लावते. एक जनुक चालू झाले की त्याच्यापासून प्रथिनाच्या हजारो प्रती बनतात. कांद्याच्या बाबतीत २०१३ मध्ये न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की, एफटी नावाच्या कुटुंबातले एक जनुक कांदा भरण्याला चालना देते, दुसरे त्याला रोखून धरते, तर तिसरे फुलोऱ्याशी जोडलेले आहे. दिवस उंबरठ्याच्या पुढे गेला की रोखणारा हात सैल होतो आणि चालना देणारा हात पुढे येतो.

इथे एक न्याय्य दुरुस्ती करायला हवी. दिवसाची लांबी फायटोक्रोम एकटे मोजत नाही. सूर्यास्तानंतर अंधारात फायटोक्रोम हळूहळू आपोआप मूळ आकाराकडे परतते, म्हणून एके काळी वाटत असे की रात्र मोजणारे घड्याळ तेच असावे. पण हे परतणे काही तासांतच बरेचसे आटोपते, आणि वनस्पतीला दहा आणि अकरा तासांच्या रात्रींतला फरकही कळतो. खरे घड्याळ पेशीच्या आत चोवीस तासांच्या लयीत चालते. ते दिवसाच्या ठरावीक वेळी काही प्रथिने तयार ठेवते, आणि त्या वेळी बाहेर उजेड असेल तरच ती टिकतात. उजेड आहे की नाही याची साक्ष देतात प्रकाशाचे खटके, म्हणजे लाल-अतिलालसाठी फायटोक्रोम आणि निळ्या प्रकाशासाठी दुसरे ग्राहक रेणू. त्यामुळे मूळ मुद्दा कमजोर होत नाही. घड्याळ कितीही अचूक असले तरी बाहेरच्या जगाची खबर आत येण्याला आकार बदलणाऱ्या रेणूखेरीज वाट नाही.

हीच वाट निसर्गाने अन्यत्रही वापरली आहे. आपल्या डोळ्यातल्या रेटिनल या रेणूतला एक बंध प्रकाश पडताच वळतो. सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्याही आत, सुमारे २०० फेम्टोसेकंदांत हे घडते, आणि तीन कणांमागे दोनदा ते यशस्वी होते. दृष्टीच्या या रसायनाचा उलगडा करणाऱ्या जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. सायखेड्याच्या खाली गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात, तिथले नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ. तिथे हिवाळ्याला येणारी बदके उन्हाळा लागता उत्तरेकडे निघतात, कारण वाढता दिवस त्यांच्या शरीरात बदल घडवतो. फ्रेंच शास्त्रज्ञ जाक बेनुआ यांनी १९३०च्या दशकात बदकांवर प्रयोग करून दाखवले की, ही जाणीव डोळ्यांशिवायही होते. कवटीतून झिरपणारा प्रकाश मेंदूतल्या ग्राहकांना पुरतो, आणि त्या ग्राहकांतही रेटिनलच असते. माणसानेही हीच युक्ती उचलली. ॲझोबेंझिन या रेणूवर अतिनील प्रकाश पडला की तो वाकतो आणि त्याची दोन टोके जवळ येतात. निळा प्रकाश किंवा ऊब मिळाली की तो पुन्हा सरळ होतो. १९३७ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हार्टली यांनी हे दाखवून दिले. बेन फेरिंगा यांनी १९९९ मध्ये प्रकाशावर एकाच दिशेने फिरत राहणारा रेणू बनवला आणि २०१६ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. पान, डोळा, पक्ष्याचा मेंदू आणि प्रयोगशाळा ही चारही ठिकाणे एकमेकांपासून दूरची, पण सगळीकडे उत्तर एकच सापडते. आकार बदलणारा रेणू हा योगायोग नसून प्रकाशाचे जीवनाच्या भाषेत रूपांतर करण्याची ती सर्वांत सोपी रीत आहे, असे मानायला यामुळे आधार मिळतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार, आणि तो शेतकऱ्याकडूनच येईल. दिवसच सगळे ठरवत असेल तर खरिपाचा लाल कांदा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, दिवस लहान होत असताना कसा पोसतो? आणि एखाद्या वर्षी फेब्रुवारीतच ऊन तापले की उन्हाळ कांदा लवकर का उरकतो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर उंबरठ्यात आहे. दिवस वाढतो आहे की घटतो आहे यापेक्षा तो उंबरठ्याच्या वर आहे का, हे महत्त्वाचे. खरिपाच्या वाणांचा उंबरठा इतका खाली आला आहे की ऑक्टोबरचा साडेअकरा तासांचा दिवसही त्यांना पुरतो, आणि त्या काळातली ऊब त्यांना मदत करते. दुसऱ्या प्रश्नामुळे तापमानाचे महत्त्व मान्य करावे लागते, पण ते मान्य करताना खटक्याचे महत्त्व कमी होत नाही, उलट वाढते. २०१६ मध्ये दोन स्वतंत्र शोधनिबंधांनी दाखवले की, फायटोक्रोम तापमानही जाणते. प्रकाशाने वळलेला बंध अंधारात मूळ जागी परततो, आणि हे परतणे उबेत वेगाने होते. म्हणजे उबदार रात्रीनंतर वळलेल्या रेणूंची संख्या थंड रात्रीपेक्षा कमी उरते. प्रकाश खटका एका बाजूला ढकलतो, उष्णता त्याला दुसऱ्या बाजूला ओढते, आणि रोप त्या ओढाताणीचा हिशेब वाचते. त्यामुळे प्रकाश की तापमान, हा वाद अर्ध्या वाटेवरच मिटतो. उष्णतेचे कांद्यावर इतरही परिणाम होतात आणि डेंगळ्यांमागे मुख्यतः रोपाला बसलेली थंडी असते. तरीही प्रकाश आणि तापमान या दोन्हींच्या बातम्या एकाच रेणूत एकत्र येतात हे ध्यानात ठेवायला हवे.

शेतात याची आणखी एक खूण सापडते. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि अतिलाल बराचसा पुढे जाऊ देते. म्हणून दाटीत, शेजारच्या पातीच्या सावलीत मिळणाऱ्या प्रकाशात अतिलालचे प्रमाण वाढलेले असते. अतिलाल वाढला की कांदा लवकर पोसायला लागतो, हे प्रयोगांतून दिसले आहे. दाट लावलेला किंवा तणात गुदमरलेला कांदा लवकर आणि लहान राहून आटोपतो, त्याला अन्नपाण्याची स्पर्धा कारण आहेच, पण खटक्याने वाचलेला शेजाऱ्याचा निरोपही कारण आहे. म्हणून खुरपणी आणि योग्य अंतर यांचा फायदा खतपाण्याच्या हिशेबापुरता नसतो. याच खटक्याचा उपयोग पॉलीहाऊसमध्ये शेवंती पिकवणारे करतात. रात्री थोडा वेळ दिवे लावून ते शेवंतीची लांब रात्र तोडतात आणि फुलोरा हव्या त्या तारखेपर्यंत मागे ढकलतात. असे दिवे कांद्याच्या शेतात परवडणार नाहीत. त्यामुळे कांद्याच्या बाबतीत खटका बदलायचा तर तो बियाण्यातूनच बदलावा लागेल.

हे ज्ञान उपयोगाला येते ते इथे. दिवसाची लांबी पृथ्वीच्या कललेल्या अक्षाने ठरते. सायखेड्यातला १५ फेब्रुवारीचा दिवस शंभर वर्षांनीही आजच्याइतकाच लांब असेल. रात्रीची ऊब मात्र तशीच राहणार नाही, ती वाढते आहे. आपले वाण पिढ्यान्पिढ्या निवडले गेले ते अमुक लांबीचा दिवस आणि अमुक गारव्याची रात्र या जोडीवर. आता जोडीतला एक भिडू जागेवर आहे आणि दुसरा सरकतो आहे. म्हणून वाण निवडताना आणि तयार करताना उत्पादनाच्या आकड्यांबरोबर त्यांचा प्रकाशाचा उंबरठा आणि त्यावर रात्रीच्या तापमानाचा होणारा परिणाम मोजला पाहिजे, आणि तो इथल्याच मातीत, इथल्याच हंगामांत मोजला पाहिजे. त्यासाठी संस्था दूर नाहीत. निफाड तालुक्यातच चितेगाव फाट्याला राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानचे केंद्र आहे, ॲग्रीफाउंड डार्क रेड आणि लाइट रेड हे वाण याच संस्थेचे, आणि राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. शेतकऱ्यांनीही उळे घेताना हंगामाच्या नावापलीकडे जाऊन हा वाण किती तासांच्या दिवसाला पोसतो आणि उबदार वर्षात कसा वागतो, हे विचारायला हवे. बियाणे विकणाऱ्याने त्याचे उत्तर पाकिटावर छापावे, असा आग्रह धरण्याचा हक्क त्यांना आहे. रेणूचा बंध आपल्या सांगण्याने वळणार नाही. तो कधी आणि किती वळतो हे जाणून त्याप्रमाणे वाण निवडणे मात्र आपल्या हातात आहे.